नको ते नंदनवन

मराठीत ‘माळरान’ हा शब्द एकटा फिरत नाही. त्याच्या पुढे ‘उजाड’ नाहीतर ‘ओसाड’ लागतंच. जुलै महिन्यात कुठलंही वर्तमानपत्र उघडा, तालुक्याच्या पानावर ‘उजाड माळरानावर फुलवलं नंदनवन’ हा मथळा सापडेल. सोबत फोटो. एक रोप आणि त्याला धरलेले अकरा हात. त्या रोपाचं पुढे काय झालं याची बातमी कधी येत नाही, पण माझी तक्रार ती नाही. मेलेल्या रोपांबद्दल सगळेच हळहळतात. मला काळजी वाटते ती जगलेल्या रोपांची.

झाडांशी माझं वैर नाही. शाळेत असताना गावाबाहेरच्या माळावर आम्ही पोरांनीच खड्डे घेतले होते. रोपं गिरिपुष्पाची होती. आमच्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, यावरूनच त्याचा स्वभाव कळावा. जनावरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत, कमी पाण्यावर ते तगतं, म्हणून ते निवडलं जातं. आमची रोपं जगली. आज तिथे दाट हिरवी जाळी आहे, उपग्रहाला ती छान दिसत असेल. खाली वाकून बघितलं तर गवताची काडी नाही. पूर्वी त्या उतारावर मेंढरं असायची, दिवाळीनंतर चंडोलाची घरटी असायची, आणि पायात घुसणारी कुसळं तर इतकी, की घरी आल्यावर पहिलं काम मोजे निवडायचं. शाळेला त्या वर्षी बक्षीस मिळालं.

माळ म्हणजे झाडं तोडून उरलेली जागा, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्यावर प्रश्नही विचारत नाही. सासवडपासून सोलापूरपर्यंत, माण-खटावपासून कर्जत-जामखेडपर्यंत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, लहरीप्रमाणे. खाली बेसॉल्टचा खडक, वर मुरमाचा वीतभर थर. उरलेले आठ महिने ऊन आणि वारा. अशा ठिकाणी निसर्गाने काढलेला तोडगा म्हणजे गवत. वर वाळून जायचं, मुळं जमिनीखाली राखायची, पहिल्या वळवाला पुन्हा उठायचं. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. मधूनच एखादी बोर, हिवर, खैर, तरटी. हे जंगलाचं बिघडलेलं रूप नाही. ही वेगळीच परिसंस्था आहे, आफ्रिकेच्या सव्हानाच्या जातकुळीतली, आणि सव्हाना बघायला आपण पैसे साठवून केनियाला जातो.

भारताच्या द्वीपकल्पातल्या अशा गवताळ प्रदेशांपुरत्याच सीमित असलेल्या, जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या वनस्पतींची अभ्यासकांनी मोजदाद केली, ती 206 भरली. प्राण्यांचं तर नावातच आहे: माळढोक, माळटिटवी, तणमोर. शिवाय लांडगा, खोकड, तरस, चिंकारा, काळवीट, धाविक, पखुर्डी, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येऊन गवतात रात्र काढणाऱ्या भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी. यातल्या बहुतेकांना उघडं लागतं. माळढोक जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो आणि धोका लांबून ओळखण्यावर त्याचा सगळा संसार चालतो. त्याच्याभोवती झाडांची भिंत उभी करणं म्हणजे त्याचे डोळे बांधणं.

‘पूर्वी इथे घनदाट अरण्य होतं, माणसाने ते संपवलं’ हे वाक्य व्यासपीठावर नेहमी ऐकू येतं. सह्याद्रीच्या माथ्याबद्दल ते खरं असेल. माळाबद्दल आपलीच भाषा वेगळी साक्ष देते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य, ओव्या, चरित्रं, स्थळकथा असं सगळं या दृष्टीने चाळलं. त्यात उल्लेख आलेल्या 44 रानवनस्पतींपैकी 27 सव्हानाच्या खुणा सांगणाऱ्या निघाल्या. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही इथे काटेरी, विरळ झाडांचा गवताळ मुलूखच होता. अभ्यास न वाचताही हे कळायला हरकत नव्हती. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेचं झाड कोणतं सांगतात? तरटीचं. मंगळवेढ्याच्या माळाची पोर देवाच्या पायाशी गेली आणि उगवली ती माळाचीच तरटी. लोककथेला वड-पिंपळ सुचला नाही, कारण तिला आपला मुलूख ठाऊक होता.

मग ‘उजाड’ हे आलं कुठून? बरंचसं महसुलातून. जी जमीन सारा देत नाही ती ‘वेस्ट’, हा कंपनी सरकारचा हिशोब. इंग्रज गेले, हिशोब राहिला. सातबाऱ्यावर आजही ‘पोटखराब’ लिहिलेलं असतं. 1985 साली केंद्राने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केलं, पुढे पडीक जमिनींचे नकाशे निघाले. या नकाशांत झुडपी जमीन, विरळ गवत, खडकाळ उतार सगळं एकाच रंगात. देशातल्या अर्धशुष्क मोकळ्या परिसंस्थांचा स्वतंत्र नकाशा एम. डी. मधुसूदन आणि अबी तामिम वनक यांनी केला, तेव्हा दिसलं की देशाच्या भूभागाचा जवळपास दहावा हिस्सा असा आहे, त्यातला सुमारे 70 टक्के सरकारदरबारी ‘पडीक’ आहे, आणि संरक्षित क्षेत्रात 5 टक्केही नाही. एखाद्या गोष्टीला आधीच पडीक ठरवलं की तिचं रक्षण करायचं कारणच उरत नाही. तिचा फक्त ‘विकास’ करता येतो.

त्याच्या जोडीला जंगलाची व्याख्या. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीत एक हेक्टरच्या वरचा, दहा टक्क्यांहून अधिक झाडोरा असलेला कुठलाही तुकडा वनाच्छादनात धरला जातो. मग ती आंब्याची बाग असो की निलगिरीची रांग, मालकी कुणाचीही असो. शंभर जातींचं गवत आणि लांडग्याची बिळं असलेला माळ या गणितात शून्य. महाराष्ट्राने 2017 ते 2019 या काळात 50 कोटी झाडांचा संकल्प केला. पहिल्या वर्षी 4 कोटी, मग 13, मग 33. एवढी रोपं लावायची कुठे? शेतकरी बांधावर जागा देत नाही, शहरात जागा नाही. उरतो माळ. तिथे कुणी आडवं येत नाही. लांडगा ग्रामसभेत बोलत नाही आणि धनगर त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

आणि रोपांपेक्षाही वाईट असतं ते आधीचं काम. पोकलेन येतो, उतारावर सलग समतल चर खणतो. कागदावर हे जलसंधारण. प्रत्यक्षात शेकडो वर्षांत जमलेला मुरमाचा थर आणि त्यात विणलेलं मुळांचं जाळं एका आठवड्यात उपसलं जातं. अशा ठिकाणी कार्बन साठतो तो बहुतांश जमिनीखाली, वणवा आणि दुष्काळ यांच्यापासून सुरक्षित. तो उकरून वर झाडं लावायची आणि त्याला हवामानबदलावरचा उपाय म्हणायचं, हे म्हणजे फिक्स डिपॉझिट मोडून भिशी लावणं.

चराच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. दुष्काळी गावांनी राळेगणसिद्धी बघितलेलं असतं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, चर, बांध यांनी तिथे विहिरींना पाणी आलं हे खोटं नाही. माझं म्हणणं इतकंच, की पाणी अडवायला ओढे आहेत, नाले आहेत, शेताचे बांध आहेत. शाबूत गवताचा उतार स्वतःच पाणी अडवतो. जिथे गवत खरंच गेलंय तिथे गवताचंच बी टाका. पवन्या आणि मारवेलचं बी गोळा करून पेरणं पोकलेनपेक्षा स्वस्त आहे. पण त्याच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत, ही खरी अडचण.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग माळ अभयारण्य करून टाका. ते करून झालंय. 1979 साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. देशातल्या सर्वांत मोठ्या अभयारण्यांपैकी एक. त्यात गावं होती, तालुक्याची ठिकाणं होती, उसाचे फड होते. प्रत्यक्षात माळढोकाच्या उपयोगाचा, वनखात्याच्या ताब्यातला माळ नान्नज आणि आसपासच्या तुकड्यांत विखुरलेला. बाकीच्या लोकांच्या वाट्याला आले ते फक्त निर्बंध. खरेदी-विक्री अडली, बांधकाम अडलं, रस्ते अडले. माळढोकाने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, पण एका पिढीच्या डोक्यात ‘माळढोक’ म्हणजे सरकारी कटकट एवढंच बसलं. अखेर क्षेत्र घटवून साधारण 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी गेला होता. आता एखादी मादी दिसली तरी बातमी होते. सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील, बहुतेक जैसलमेरकडे.

यातला सर्वांत कडू भाग असा, की ज्या मोजक्या तुकड्यांत खात्याचा खरा ताबा होता तिथेही गिरिपुष्प लावलं गेलं. ‘अभयारण्य’ या शब्दात ‘अरण्य’ आहे, त्याचा असा शब्दशः अर्थ कुणीतरी घेतला असावा.

दुसरं टोक म्हणजे रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, 2.17 चौरस किलोमीटर. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर, चिंकारांसाठी, 5.14 चौरस किलोमीटर. दोन्ही छान जपली आहेत, जरूर जाऊन बघा. पण तासाभरात पायी ओलांडता येतील एवढ्या जागेत लांडग्याचा कळप मावत नाही, त्याला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर लागतात. तो रेहेकुरीत झोपला तरी शिकारीला गायरानातून, उसातून, पोल्ट्रीच्या मागच्या उकिरड्यावरूनच जाणार. उकिरड्यावर कुत्री असतात. कुत्र्यांचे आजार त्याला लागतात आणि पुण्याच्या आसपास तर लांडगा-कुत्रा संकरही सापडले आहेत. कुंपण घालून माळ वाचवता येत नाही. एक तर प्रचंड मोठं कागदी कुंपण होतं, नाहीतर इवलंसं तारेचं.

माळ आजवर टिकला तो चरण्यामुळे. हे वाक्य वनखात्याच्या पुस्तकात बसत नाही, तरी ते खरं आहे. हटकर, खुटेकर धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासोबत फिरणारी कुटुंबं, पावसाळ्यात माळावर, हिवाळ्यात खाली कोकणात किंवा काळ्या रानात. काळी घोंगडी आणि घोंगडीसाठी लोकर देणारी दख्खनी मेंढी. कळप एका जागी राहत नाही, म्हणून गवताला दम मिळतो. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, रात्रभराच्या लेंडीखताचं धान्य किंवा पैसे देतो. लांडगा मधूनच एखादं कोकरू नेतो. धनगर शिव्या देतो, कुत्री सोडतो, मेंढरांभोवतीची वाघर, म्हणजे जाळी, घट्ट करतो, आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघतो. आमच्याकडचे म्हातारे धनगर लांडग्याचाही वाटा असतो असं म्हणायचे. त्याचे फार गोडवे गायला नकोत. आज कोकराची किंमत बघता वाटा द्यायची ऐपत कमी झालीय आणि नुकसानभरपाई मिळेपर्यंत मेलेलं जनावर, पंचनामा, फोटो, सगळं शिळं होतं. पण ज्या माणसाने लांडग्यासोबत राहून दाखवलंय त्यालाच आपण ‘अतिचराई करणारा’ म्हणून हाकलतो. चराईबंदीचा फलक लागला की कळप थांबत नाही, तो शेजारच्या गावच्या उरलेल्या तुकड्यावर दुपटीने चरतो. मग त्या तुकड्याकडे बोट दाखवायचं, बघा, मेंढरांनी उजाड केलं.

2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. पण धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा मागितला जातो. ज्याचं घर घोड्याच्या पाठीवर, त्याने 75 वर्षांचा कागद कुठून आणायचा? संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणं आणि पशुपालक यांच्या नावे जाहीर केलं आहे. ते न्यूयॉर्कला कळलं, मंत्रालयात कळलंय का, शंका आहे.

आता सौरऊर्जेचं. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, आणि जागा म्हणून सरकारी जमिनी, त्यात गायरानं पुढे आली. रात्री दोनला मोटार चालू करायला उठलेल्या माणसाला विचारा, दिवसाची वीज काय चीज आहे. मी तिच्या विरोधात नाही. राजस्थान-गुजरातमध्ये माळढोकाच्या मुलखातल्या उघड्या वीजतारा जमिनीखाली घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली दिला आणि 2024 साली तो सैल केला, कारण सौर आणि पवन ऊर्जाही हवामानासाठीच आहे. प्रश्न खरोखर अवघड आहे. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, तो जड पक्षी ऐनवेळी वळू शकत नाही, तारेवर आपटून मरतो. आणि वीजही लागते.

पण जागा निवडताना तराजू सरळ धरला जात नाही. माळाची किंमत शून्य लावली की कुठलाही प्रकल्प तिथेच स्वस्त पडणार. शिरोळ, मिरज, वाळवा भागात उसाला पाणी पाजून पाजून हजारो एकर जमीन क्षारपड झाली, तिथे आता पीकही नाही आणि पवन्याही नाही. कालवे उघडे आहेत, बाजार समित्यांची, गोदामांची, कारखान्यांची छपरं उघडी आहेत. तिकडे खासगी मालक आहेत, वाटाघाटी लागतात, भाडं जास्त पडतं, हे मान्य. गायरानाला मालक नाही असं मात्र कुणी म्हणू नये. सगळं गाव मालक आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम 22 नुसार गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी ती राखलेली असते. 2011 साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी परत मोकळ्या करायला सगळ्या राज्यांना बजावलं होतं. तरी गायरान म्हणजे घरकुलाला, स्मशानाला, क्रीडांगणाला, कचरा डेपोला आणि आता पॅनेलला लागणारी जमीन, असाच व्यवहार चालू आहे. घरकुलाबद्दल मी तोंड उघडणार नाही, बेघराला घर लागतंच. पण कचरा डेपो?

एक बरं घडलंय ते सांगायला हवं. पुणे वनविभागाने इंदापूर-बारामती भागात, कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळावर सफारी सुरू केली. गावातली पोरं वाटाडे झाली, लांडगा बघायला पुण्या-मुंबईचे लोक पैसे देऊन येऊ लागले. पर्यटनाच्या गाड्या बिळांपर्यंत जाऊ लागल्या तर तेही नुकसानच, त्यामुळे मी लगेच टाळ्या वाजवत नाही. तरी ज्या माळाकडे बघून लोक ‘इथे काहीच नाही’ म्हणायचे तिथे काहीतरी आहे म्हणून तिकीट लागतं, हा बदल लहान नाही.

माझी मागणी फार मोठी नाही, नव्या अभयारण्याची तर मुळीच नाही. गावच्या गायरानातला, वनखात्याच्या फॉरेस्टातला जो माळ अजून शाबूत आहे त्याची नोंद ‘पडीक’ किंवा ‘पोटखराब’ न करता ‘गवताळ’ अशी व्हावी, आणि त्या नोंदीला काही वजन असावं. त्यावर झाडं लावायची असतील तर का, कुठली, कुणाला विचारून, हे आधी सांगावं लागावं. धनगरांच्या वाटा आणि मुक्काम त्याच नकाशावर यावेत. वनीकरणाचं उद्दिष्ट रोपांच्या आकड्यात मोजणं बंद व्हावं. शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड, कारण आकड्यांवर बदल्या आणि बढत्या अवलंबून असतात.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला वृक्षारोपणाचा विषय नेहमीप्रमाणे असेल. त्याच्याखाली आणखी एक ओळ घ्यावी म्हणून ग्रामसेवकाला अर्ज देणार आहे: गायरान गट, उत्तर उतार, गवतासाठी राखीव, चर नको. ‘राखीव कशासाठी, काय लावणार?’ असं तो विचारणारच. काहीच लावायचं नाही, हे त्याला कसं पटवायचं याचा मी अजून विचार करतोय.